मागच्या दारचे औषध

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत मी एका खाजेची आणि एका मत्सराची हकीकत यथाशक्ती सांगणार आहे. खाज अंगाची होती व ती यथावकाश शमली. मत्सर मनाचा होता, त्याचे पुढे काय झाले ते कथेच्या ओघात येईलच. यातील पात्रे राजेरजवाड्यांच्या कुळातील नाहीत. ती कोसारखेडच्या एका कौलारू घरातील पतिपत्नी आहेत. तथापि थोरांचे दुःख जितके खरे, तितकेच लहानांचेही खरे असते, हे ध्यानी घेऊन आपण ही कथा शेवटपर्यंत वाचावी, अशी विनंती करून आरंभ करतो.

मुकुटबनपासून दोन-अडीच कोसांवर कोसारखेड हे गाव वसलेले आहे. तेथे भगवानराव नावाचे गृहस्थ राहतात. वय सत्तावन्न, अंग काटक, खांद्यावर नेहमी पांढरा दुपट्टा. सात एकरांत कापूस आणि तूर पेरतात. परंतु पंचक्रोशीत त्यांची ख्याती शेतीमुळे नव्हती. नायटा व गजकर्ण यांवर लावण्याचा एक लेप त्यांच्या घराण्यात चालत आलेला होता. दर रविवारी सकाळी भगवानराव पुढच्या छपरीत बाजेवर बसत, आणि पार मारेगाव-घाटंजीकडून माणसे येऊन त्यांच्यापुढे बाह्या वर करून उभी राहत. कोणी म्हणे, “भगवानराव, तुमच्या हाताले गुण हाय.” भगवानराव वर आढ्याकडे पाहून म्हणत, “माह्या हाताचा नाही बाप्पा, घराण्याचा हाय.” पण हे म्हणताना त्यांची छाती दोन बोटे रुंद होत असे.

लेप देण्याचे तीन नेम त्यांच्या वडिलांनी घालून दिले होते. पहिला, औषधाचा मोबदला घ्यायचा नाही. दुसरा, वनस्पतीचे नाव कोणाला सांगायचे नाही, अर्धांगीलाही नाही. तिसरा नेम सर्वांत कठीण होता. ज्या झाडाचे औषध करायचे, त्याला आदल्या संध्याकाळी हळदकुंकू वाहून, अक्षता व सुपारी ठेवून आवतण द्यायचे. ‘उद्या पहाटे न्यायला येतो, रोग्याच्या कल्याणासाठी चलावे,’ असे म्हणायचे. आणि पहाटे जाऊन घरी परत येईपर्यंत वाटेत कोणाशी चकार शब्द बोलायचा नाही. बोलले की गुण झाडातच राहतो. ती गुप्त वनस्पती म्हणजे बांधाबांधावर माजणारा तरोटा होता, आणि त्याचे बी आंबट ताकात वाटून हा लेप होत असे. ही गोष्ट त्यांच्या पत्नी वच्छलाबाई यांना लग्नानंतर आठच दिवसांत कळली होती, कारण पाटा-वरवंटा धुण्याचे काम त्यांच्याकडे होते. परंतु त्या माउलीने चौतीस वर्षांत ते कधी बोलून दाखवले नव्हते.

सन दोन हजार तेवीसचा चैत्र होता. आदल्या हंगामात कापसाला कधी नव्हे इतका भाव मिळाला होता. त्याच आशेवर लोकांनी या खेपेचा कापूस विकलाच नाही. आज भाव वाढेल, उद्या वाढेल, असे म्हणत जो तो थांबला. घराघरांतील मधल्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत भरलेला. माणसे कापसाच्या कडेला निजत आणि पोरे थेट कापसावर. पाहुणा आला तर त्याला कापसालाच टेकून बसवीत. भाव मात्र रुसलेल्या जावयासारखा वेशीबाहेरच बसून राहिला. पुढे उन्हाने घरे तापली, साठवलेल्या कापसातून बारीक धूळ उठू लागली, आणि अवघ्या गावाला खाज सुटली. मान, कोपर, कंबर, पोटऱ्या, सगळीकडे लाल पुरळ उठले. माणसे बोलता बोलता खाजवीत, भजन म्हणता म्हणता खाजवीत. टाळ वाजवणाऱ्या एकाने तर टाळानेच पाठ खाजवली.

भगवानरावांना वाटले, देवाने आपल्या लेपाच्या कीर्तीसाठीच ही साथ धाडली आहे. त्यांनी रविवारी छपरी सारवून घेतली, बाजेवर नवी चादर घातली आणि मोठ्या वाटीत लेप कालवून ठेवला. पहिली आली ती शेजारची शकुबाई.

“कुठी खाजते व शकुबाई?” भगवानरावांनी गंभीरपणे विचारले.

“खाजते बाप्पा सारीकडं.”

“सारीकडं म्हणजे कुठी? जागा दाखवल्याबिगर लेप कसा देऊ मी?”

शकुबाईने पदर अधिकच आवळला. “पाठीले हाय, अन् कमरीले. आता तुमाले काय दाखवू मी? सासऱ्यावानी हायेत तुमी मले.”

छपरीत बसलेले दोघे-तिघे पुरुष फिस्सकन हसले. शकुबाई लाजून जागच्या जागी उभी राहिली. तेवढ्यात आतल्या दारातून वच्छलाबाईंचा आवाज आला, “शकू, इकडं मागं ये व माय. तिथं कायले उभी हायेस?”

शकुबाई मागच्या अंगणात गेली. वाचकहो, या कथेतील सारा अनर्थ त्या चार पावलांतून उत्पन्न झाला.

मागच्या अंगणात एक कडुनिंबाचे झाड व त्याखाली तट्ट्यांची न्हाणी होती. वच्छलाबाईंना वैद्यकी येत नव्हती. लेकरांच्या अंगावर घामोळे उठले की त्यांची आई जे करी, तेच त्यांनी केले. निंबाचा पाला उकळून ते पाणी पुरते थंड होऊ दिले आणि त्याने शकुबाईची पाठ हलक्या हाताने धुतली. ज्वारीच्या पिठाची पातळ पेज करून, ती जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळून, माठाच्या बुडाशी गार केली आणि फडक्याने पाठीवर थापली. ती सुकल्यावर साध्या पाण्याने धुऊन वरून खोबरेल तेलाचे एक बोट फिरवले. शकुबाईने डोळे मिटले आणि म्हणाली, “काकू, आंगात देव आल्यावानी गार वाटून राह्यलं व.”

“देवगिव काही नाही. ज्वारीचं पीठ हाय ते. घरी कर अन् लाव. नखं काप, खाजवू नको. गोधड्या उन्हात टाक. अन् कापसाच्या खोलीत निजू नको, आंगणात निज.”

बस्स, एवढेच. त्यात गुप्त काही नव्हते. तिसऱ्या दिवशी मागच्या दारी अकरा बाया होत्या. वच्छलाबाईंनी प्रत्येकीला कृती समजावून सांगितली आणि ‘घरी करा’ म्हणून बजावले, तरी बाया येतच राहिल्या. स्वतःच्या पाठीला स्वतःचा हात पुरत नाही, हे एक कारण. दुसरे कारण असे की त्या न्हाणीत सासू नव्हती, नवरा नव्हता, आणि हसायला मोकळीक होती.

ते हसणे पुढच्या छपरीत ऐकू येई. भगवानराव बाजेवर एकटेच बसलेले असत. वाटीतल्या लेपावर साय धरावी तशी पापडी धरलेली असे. मागे हशा पिकला की त्यांना वाटे, या आपल्यालाच हसल्या. हशा थांबला की वाटे, आता आपल्याविषयीच कुजबुजत असतील. मग ते उगीच खाकरत आणि हाक मारत, “वच्छला, चहा!”

“ठेवते ना बाप्पा. शकूच्या पाठीले लावून राह्यली मी.”

चहा यायला तासभर लागे. त्या तासात भगवानरावांनी शकुबाईच्या पाठीचा जितका द्वेष केला, तितका त्यांनी आयुष्यात कोणत्या वैऱ्याचाही केला नसेल.

एके दुपारी जेवताना त्यांनी विषय काढलाच. “कायची गर्दी जमवून राह्यली तू मागं?”

“मी कायले जमवू? खाजते म्हून येतात.”

“झाडाले आवतण नाही, नेम नाही, धरम नाही. अन् वरून साऱ्या गावाले सांगतं, ज्वारीचं पीठ घ्या म्हून! औषधाचं नाव सांगतलं का त्याचा गुण जाते.”

“मंग गेला असन,” वच्छलाबाई भाकरी वाढत म्हणाल्या, “पण खाज बी जाते ना त्याच्यासंग.”

भगवानरावांनी अर्धी भाकरी टाकून हात धुतला. कुळातील विद्येचा असा उपहास त्यांच्या ताटावर कधी झाला नव्हता. वाचकहो, परक्याचा उत्कर्ष पाहून पोटात दुखले तर माणूस दार लावून घेऊ शकतो. पण ज्याचा मत्सर वाटतो तेच माणूस आपल्याला भाकरी वाढीत असेल, तर त्याने कोणत्या दाराला कडी घालावी?

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुऱ्हाड घेतली आणि विजेच्या तारेला लागतात या सबबीवर निंबाच्या खालच्या फांद्या छाटून टाकल्या. तार त्या फांद्यांपासून चांगली दोन पुरुष उंच होती. वच्छलाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. दुपारी बाया आल्या त्या आपापल्या पदरात निंबाचा पाला बांधूनच.

“काकू, तुमच्या निंबाले काय झालं व?” एकीने विचारले.

“पानझड झाली.”

“एका दिवसात?”

“या घरात होते कधीकधी,” वच्छलाबाई म्हणाल्या, आणि मागे असा काही हशा उसळला की छपरीतल्या भगवानरावांनी दुपट्ट्याने दोन्ही कान बांधून घेतले.

परंतु खरा घाव पुढेच होता. रविवारी सकाळी किराणा दुकानदार बाबुलाल छपरीत आला. भगवानरावांना केवढा आनंद झाला! त्यांनी वाटीतील लेप बोटाने ढवळला, बाबुलालला जवळ बसवले आणि म्हणाले, “कर बाही वर.”

बाबुलाल चुळबुळला. “औषधाले नाही आलो मी, भगवानराव. बायकोनं धाडलं. जरा काकूले पुसून सांगा ना, पेज पातळ पाह्यजे का घट्ट?”

भगवानरावांनी बोटावरचा लेप वाटीच्या काठाला पुसला. ते म्हणाले, “मले काय पुसतं? मी काय स्वैपाकी हावो?”

“राग नका येऊ देऊ बाप्पा. बाया मागं हायेत म्हून तुमाले पुसलं,” असे म्हणून बाबुलाल उठला आणि अंगणाच्या कुडावरून त्याने स्वतःच विचारून घेतले. “पातळ!” असा आतून पाच-सहा जणींनी एकदम ओरडून दिलेला जबाब भगवानरावांनी कानांवर ओढलेल्या दुपट्ट्यातूनही ऐकला.

त्याच दिवशी त्यांनी निश्चय केला की लेप असा जहाल करायचा, की एका लेपात खाज गेली पाहिजे आणि गावाने पुन्हा पुढच्या दारी यावे. संध्याकाळी ते नाल्याच्या काठी गेले. चैत्रात तरोटा हिरवा नसतो, वाळलेल्या शेंगांची झुडपे तेवढी उभी असतात. त्यांनी त्यांतील सर्वांत मोठ्या झुडपाला हळदकुंकू वाहिले, सुपारी ठेवली आणि सद्गदित होऊन आवतण दिले, “उद्या पहाटे न्यायला येतो. माह्या बापाची लाज राखा.” ‘रोग्याच्या कल्याणासाठी’ हे शब्द म्हणायचे राहून गेले, हे त्यांच्या ध्यानातही आले नाही.

पहाटे ते निघाले तो वाटेत पाण्याची गुंडी घेऊन शकुबाई समोर. “भगवानराव, येवढ्या पायटी कुठी?”

भगवानरावांनी ओठ घट्ट मिटले आणि हाताने ‘हो पुढे’ अशी खूण केली.

“काय झालं? दात दुखते?”

त्यांनी मान हलवली.

“मंग बोलून काहून नाही राह्यले? माह्यावर राग हाय काय?”

भगवानरावांनी प्रथम नाही अशी मान हलवली. मग मनात काय आले कोण जाणे, जोराने होय अशी हलवली आणि चालू लागले. शकुबाई गुंडी खाली ठेवून कितीतरी वेळ त्यांच्या पाठीकडे पाहत राहिली.

शेंगा घरी आल्या. आधीच आठ दिवस आंबवून ठेवलेल्या ताकात, ज्याच्या वासाने मांजरसुद्धा पळाले, त्यांनी ते बी स्वतः वाटले. आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. भगवानराव हे मधल्या खोलीत कापसाची राखण करीत त्याला लागूनच निजत, त्यामुळे त्यांच्याही दोन्ही हातांना कोपरापर्यंत पुरळ आले होते. ते त्यांनी तीन आठवडे लपवून ठेवले होते. रात्रभर खाजवून कातडे सोलले, तरी पेज मागणे त्यांना मरणाहून कठीण वाटत होते. त्यांनी विचार केला, पहिला गुण आपल्याच हातावर येऊ द्यावा. मंगळवारी मागे हशा सुरू झाला, तशी त्यांनी दाराला कडी घातली आणि दोन्ही हातांना लेप माखला.

त्यानंतर जी आग उठली तिचे वर्णन करण्यास माझे शब्द अपुरे आहेत. नायट्याच्या जाड कातड्यावर जो लेप औषध होतो, तोच सोललेल्या कातड्यावर निखारा होतो. हे त्यांच्या वडिलांना ठाऊक असावे, पण वडिलांनी नेम तेवढे सांगितले, आणि मुलाने नेमच तेवढे पाळले. भगवानराव दुपट्टा दातांत धरून कापसाच्या ढिगावर गडबडा लोळले. ओरडले असते तर मागच्या अकरा बाया धावून आल्या असत्या. म्हणून ओरडले नाहीत.

बुधवारी त्यांनी पूर्ण बाह्यांचा जाड सदरा चढवला.

“एवढ्या उनात हे काहून घातलं?” वच्छलाबाईंनी विचारले.

“थंडी वाजते मले.”

“चैतात?”

“माह्या आंगाची गोष्ट हाय. तू तुह्या बायांचं पाह्य.”

वच्छलाबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिले आणि त्या मागे निघून गेल्या.

पुढचा रविवार उजाडला. सूर्य कासराभर वर आला असेल तो दारात एक म्हातारी नातीला घेऊन उभी राहिली. ती मुकुटबनची इंदूबाई. नात सात वर्षांची, नाव खुशी. बसथांब्यावर उतरल्यापासून तीन बायांनी त्यांना मागचे दार दाखवले होते, पण म्हातारी ठाम होती. मोठ्याने म्हणाली, “भगवानरावांचं घर हेच ना? मले दुसऱ्या कोणाचं औषध नाही पाह्यजे. तीस वर्षं झाले, माह्या मानीवरचा गजकर्ण तुमच्या बाबांनी बरा केलता. तुमी तवा तिथं बसून वाटत होते. तुमच्या घराण्याच्या हाताले गुण हाय भाऊ.”

भगवानरावांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. महिन्याभरात त्यांचे नाव घेऊन पुढच्या दारी आलेले हे पहिले माणूस. त्यांनी मुद्दाम आवाज चढवला, मागे न्हाणीपर्यंत जावा इतका. “या या इंदूबाई! औषधाले आल्या? इथंच बसा, पुढं! अशा मोठ्या दुरून लोक येतात बाप्पा आपल्याकडं!”

मागचा हशा थांबला. बाया ऐकत होत्या. भगवानरावांना ते कळले आणि त्यांच्या मनात दिवाळी झाली.

इंदूबाईंनी नातीच्या झग्याच्या बाह्या वर सारल्या. “कापसावरच खेळते, कापसावरच निजते. खाजू खाजू आंग सोलून घेतलं पोट्टीनं.” त्या दोन हातांवर मनगटापासून दंडापर्यंत नखांचे ओरखडे होते, आणि कित्येक ठिकाणी ओली लाल कातडी उघडी पडली होती.

भगवानरावांनी वाटी उचलली. आठ दिवसांच्या ताकाचा उग्र वास छपरीत पसरला. पोरीने नाक आक्रसले आणि विचारले, “आबा, हे झोंबन का?”

“नाही व माय, गार लागन,” भगवानराव म्हणाले.

म्हणून गेले खरे. बोटावर लेप घेतला, दुसऱ्या हाताने पोरीचे मनगट धरले, आणि बोट तिच्या हातापासून एक तसूवर येऊन थांबले. सदऱ्याच्या आत त्यांचे स्वतःचे हात ठणकत होते. पोरगी विश्वासाने पाहत होती. मागच्या बाया कान देऊन ऐकत होत्या. पुढच्या दाराने आलेले एकमेव माणूस समोर बसले होते, आणि ते परत पाठवले तर या छपरीत पुन्हा कोणी येणार नव्हते, हे त्यांना स्वच्छ दिसत होते. एक मन म्हणे, लावून टाक, आग उठेपर्यंत त्या बसमध्ये असतील. मत्सराने माणूस किती खोल उतरू शकतो हे भगवानरावांना त्या क्षणी दिसले, आणि आपण तळाशी उभे आहोत हेही दिसले.

“लावा ना भाऊ,” इंदूबाई म्हणाल्या.

भगवानरावांनी बोट दुपट्ट्याला पुसले. “हिले नाही चालत हे.”

“काहून?”

“हे नायट्याचं औषध हाय. कातडं सोललं तिथं आग लावते. मी खोटं बोललो पोरीले.”

“मंग कोणतं चालते?”

घाटावरचा दगड उचलावा तसे ते दोन शब्द त्यांनी उचलले. “माह्या बायकोचं.” पण ते इतक्या हळू म्हणाले की म्हातारी पुढे वाकून म्हणाली, “जोरानं बोला ना भाऊ, मले कमी आयकू येते.”

“माह्या बायकोचं!” भगवानराव ओरडले. “मागच्या दारी भेटते. तिच्या औषधानं साऱ्या गावाची खाज गेली!”

आतल्या दाराचे एक फळकूट हलले आणि वच्छलाबाई बाहेर आल्या. त्यांनी वाटीकडे पाहिले, पतीकडे पाहिले, आणि पोरीला कडेवर घेऊन मागे नेले. भगवानराव बाजेवर बसून राहिले. थोड्या वेळाने पोरीचे हसू ऐकू आले. ते ऐकून बरे वाटावे की वाईट, हे त्यांना ठरवता येईना. दोन्ही एकाच वेळी वाटत होते. जाताना इंदूबाई वच्छलाबाईंचे हात हातात घेऊन म्हणाल्या, “बाई, तुमच्या हाताले लय गुण हाय.” तासाभरापूर्वी हेच शब्द पुढच्या छपरीत उच्चारले गेले होते. भगवानरावांनी डोळे मिटून तो घोट गिळला.

दुपारी बाया पांगल्यावर वच्छलाबाई पेजेचे भांडे घेऊन छपरीत आल्या आणि खाली बसल्या. “काढा सदरा.”

“कायले?”

“काढा म्हणते ना.”

बाही कातडीला चिकटली होती. ती पाण्याने भिजवून त्यांनी हळूहळू सोडवली. “कवापासून?”

“मंगळवारपासून.”

“मले दिसत नाही असं वाटलं? सदरे मीच धुते ना तुमचे. बाहीले लस लागलेली समजत नाही मले?”

“मंग बोलली काहून नाही?”

“तुमी काहून नाही बोलले?” त्यांनी फडके पेजेत बुडवले. “त्या पोट्टीले लावलं असतं ना तुमी, त वाटी हिसकून घेतली असती मी, साऱ्यांच्या देखत. दाराआडच उभी होती. अन् मंग या घरात राह्यली नसती.”

भगवानरावांनी दुसरा हात पुढे केला. पेज गार होती. आग एकेका थराने उतरत होती, आणि तिच्यासोबत त्यांचा ताठाही. पण मत्सर तो मत्सर. तो सहजासहजी कोठे जातो? ते म्हणाले, “शकूच्या पाठीले लावतं तवा त खदखदा हासतं. मले लावून राह्यली त तोंड पाह्य कसं केलं.”

“शकू नीट बसते. तुमी हालता.”

भगवानराव श्वास रोखून पुतळ्यासारखे ताठ बसले. गाल फुगले, डोळे बाहेर आले. वच्छलाबाईंनी एकदा पाहिले, दुसऱ्यांदा पाहिले आणि त्यांना हसू आवरेना. फडके भांड्यात पडले.

ज्येष्ठात मिळेल त्या भावाने कापूस गेला. खोल्या रिकाम्या झाल्या, खाज गेली. भगवानरावांना वाटले होते की आता मागचे दार ओस पडेल. तसे झाले नाही. बाया येतच राहिल्या.

“आता कायले येतात या?” त्यांनी विचारले.

“बसाले,” वच्छलाबाई म्हणाल्या.

छपरीत महिन्या-दोन महिन्यांनी नायट्याचा एखादा रोगी येई. बाकी वेळ माश्या. आषाढातल्या एका उघाडीच्या दुपारी भगवानरावांनी बाज उचलली आणि फरफटत मागच्या अंगणात आणली. बायांनी पदर सावरले. मग शकुबाई म्हणाली, “सरका व, जागा द्या त्यायले. पण भगवानराव, गोष्टी बायांच्या चालू हायेत.”

“चालू द्या. मी आयकत नाही.”

“मंग आले कायले?”

बाया हसल्या, आणि त्यांत वच्छलाबाई सर्वांत मोठ्याने हसल्या. त्या हसण्यात आपण नेमके कोणत्या बाजूला आहोत, हे भगवानरावांना नीटसे कळले नाही. त्यांचे कान तापले. पण ते उठून गेले नाहीत.

येथे ही कथा पूर्ण झाली. लिहिताना ज्या चुका झाल्या असतील त्या माझ्या अल्प शिक्षणाच्या समजून पोटात घालाव्यात. आपण आपला अमूल्य वेळ खर्चून कोसारखेडच्या अंगणापर्यंत आलात, त्याबद्दल मी आपला मनःपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
उकंडा महादेव ढवस